गडावर न्यायची अँटेना कशी निवडावी?

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना हातात आला, छोटा रिग (रेडिओ सेट) घेतला, बॅटरी जमवली की पुढचा प्रश्न ठरलेला: ट्रेकला न्यायला कुठली अँटेना घेऊ? सल्ले ढिगाने मिळतात. एकजण एंड-फेडची, म्हणजे टोकातून वीज द्यायच्या तारेची, शिफारस करतो, दुसरा व्हर्टिकलची, म्हणजे उभ्या अँटेनाची, तिसरा पाण्याच्या बाटलीएवढ्या पिशवीत मावणारी घडीची दांडी दाखवतो. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर असतं, कारण प्रत्येकजण वेगळ्या ठिकाणाहून वेगळ्या माणसांशी बोलत असतो. म्हणून वजन आणि किंमत बघायच्या आधी दोन गोष्टी ठरवून टाका. आपल्याला बोलायचं कुणाशी? आणि जिथे जाणार तिथे अँटेना उभी करायला काय मिळणार: झाड, बांबू, नुसता कातळ, की समुद्रकिनारा?

रिगपेक्षा अँटेनावर जास्त विचार का करायचा, तेही आधीच सांगतो. १० वॅटचा रिग बदलून १०० वॅटचा घेतला तर समोरच्याला तुमचा सिग्नल १० डेसिबलने, म्हणजे दहापट, वाढलेला मिळतो. त्यासाठी मोठा रिग, मोठी बॅटरी आणि पाठीवर दोन-चार किलो जास्तीचं ओझं. चुकीची अँटेना मात्र १० डेसिबल सहज खाऊन टाकते, आणि वर पत्ताही लागू देत नाही, कारण मीटर सगळं ठीक दाखवत असतो.

लांबी येते कुठून

तरंगलांबी काढायचं गणित एका ओळीचं आहे. ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये मिळतं. ७.१ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४२ मीटर लांब, म्हणून त्या बँडला ४० मीटर म्हणतात. १४.२ ची २१ मीटर, १४५ ची दोन मीटरच्या आसपास. अँटेना चांगली चालते ती या लांबीच्या अर्धी किंवा पाव असली की. तारेच्या टोकांचा थोडा परिणाम धरून अर्ध्या लहरीसाठी १४३ भागिले मेगाहर्ट्झ हे सूत्र वापरतात. ७.१ साठी २०.१ मीटर, म्हणजे डायपोलचा (मध्यातून दोन पायांत विभागलेल्या तारेचा) प्रत्येक पाय साधारण १० मीटर. १४.२ साठी सगळी तार १० मीटर आणि प्रत्येक पाय ५ मीटर.

या तारेत काय चाललेलं असतं ते एकदा डोळ्यांसमोर आणलं की निवडीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. अर्ध्या लहरीच्या तारेत करंट सगळ्यात जास्त असतो मध्यावर आणि टोकांशी जवळजवळ शून्य. व्होल्टेजचं उलट: मध्यावर कमी, टोकांशी सर्वाधिक. रेडिओ लहर मुख्यतः करंटमुळे बाहेर पडते. म्हणजे तारेचा मधला भाग उंच आणि मोकळा असायला हवा, टोकं खाली झुकली किंवा थोडी वाकवली तरी फारसं बिघडत नाही. डायपोलचा मधला बिंदू एका काठीवर चढवून दोन्ही पाय तिरके खाली आणले की होते इन्व्हर्टेड व्ही. एकाच आधारावर उभी राहते आणि उंची जिथे हवी तिथेच मिळते. शिवाय पाय खाली आल्याने डायपोलचा इम्पीडन्स (रेडिओ करंटला होणारा विरोध) ७०-७५ ओहमवरून ५० च्या जवळ येतो, त्यामुळे ५० ओहमच्या केबलशी जुळणी सोपी होते.

जवळ बोलायचंय की लांब?

बहुतेक नव्या हॅमना वाटतं, जवळ बोलणं सोपं आणि लांब बोलणं अवघड. एचएफवर, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, हा हिशेब चालत नाही.

२००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅमचा एक गट अंदमानात होता. व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनवरून (स्टेशनच्या ओळखनावावरून) ते जगभरच्या स्टेशनांशी बोलत होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि तेच स्टेशन मुख्य भूमीशी संपर्काचा मोठा आधार झालं. पोर्ट ब्लेअरहून चेन्नई १३०० किलोमीटरहून लांब. आता दुसरी परिस्थिती घ्या. कोल्हापूर-सांगलीकडे पूर आलाय, मोबाइल बंद आहेत आणि तुम्हाला पुण्याशी बोलायचंय. अंतर जेमतेम दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. अंदमानातून मुख्य भूमी गाठणारा सेटअप इथे साफ मुका पडू शकतो.

कारण सोपं आहे. तिरकी, आडवी निघालेली लहर आयनोस्फिअरवर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आपटून शेकडो-हजारो किलोमीटर पलीकडे उतरते. मधल्या पट्ट्यात ती पोचतच नाही. १४ मेगाहर्ट्झवर पुण्याहून दिल्ली खणखणीत ऐकू येते आणि नाशिक गायब असतं, ते यामुळे. जमिनीलगत जाणारी लहर सह्याद्रीच्या डोंगररांगांमध्ये फार दूर टिकत नाही. जवळच्यांसाठी लहर जवळपास सरळ वर पाठवावी लागते. ती वरून परत येते आणि कारंज्याच्या पाण्यासारखी चहूबाजूंनी खाली पडते. वाटेत डोंगर असला तरी फरक पडत नाही, कारण ती डोंगरावरूनच येत असते. सावित्रीच्या खोऱ्यात, तीन बाजूंनी कडे असताना जिथे हातातल्या रेडिओ सेटवरून काहीही होत नाही, तिथे ४० मीटर बँडची कमी उंचीवर टांगलेली तार तीन-चारशे किलोमीटरच्या परिसरात व्यवस्थित काम करते.

सरळ वर पाठवलेली लहर परत येईल का, हे आयनोस्फिअरच्या त्या वेळच्या ताकदीवर ठरतं. आपला प्रदेश विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ आहे, त्यामुळे दिवसा ७ मेगाहर्ट्झ बऱ्याचदा परत येते. रात्र चढली की तो थर विरळ होतो, जवळची स्टेशनं विरून जातात आणि त्याच बँडवर दूरची उगवतात. अँटेना बिघडली असं समजून रात्री तार उतरवत बसू नका.

लहर वर जावी की आडवी, हे आडव्या तारेच्या बाबतीत उंची ठरवते. ४० मीटर बँडची तार ६-७ मीटर उंचीवर असली तर ती लहरीच्या सहाव्या भागाएवढ्याच उंचीवर आहे, म्हणून बहुतेक ऊर्जा वर फेकते. महाराष्ट्रात गप्पा मारायला हीच उंची हवी. तीच काठी २० मीटर बँडसाठी वापरली तर उंची लहरीच्या तिसऱ्या भागाएवढी होते आणि लहर मधल्या कोनात निघते. हजार-दोन हजार किलोमीटरसाठी ती चांगली, आणि बँड उघडला असेल तर त्याहूनही लांब. एकाच सात मीटरच्या काठीवर जवळ आणि लांब दोन्ही सोयी होतात. म्हणूनच पहिली पोर्टेबल अँटेना कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी दोन बँडची इन्व्हर्टेड व्ही सांगतो, आणि ती स्वतः बनवायला सांगतो.

इन्व्हर्टेड व्ही, हाताने बनवलेली

लागतं ते असं. विजेच्या दुकानातली पीव्हीसी आवरणाची बारीक मल्टिस्ट्रँड वायर, अर्ध्या-पाऊण स्क्वेअर एमएमची. मध्यभागासाठी प्लास्टिकचा एक तुकडा आणि केबलचा कनेक्टर. फेराइटचं कडं. दहा-बारा मीटर आरजी-५८ केबल. नायलॉनची दोरी. आणि सहा-सात मीटरची फायबरग्लासची, एकात एक सरकणारी काठी. मासेमारीच्या दुकानात अशा काठ्या मिळतात, पण घेताना ती कार्बनची नाही ना हे बघा. कार्बन वीज वाहून नेतो. अँटेनाचं गणित तर त्याने बिघडतंच, वर विजेच्या तारेजवळ तो जिवावर बेततो. पायथ्याच्या गावात कुणी बांबू दिला तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

प्रत्येक पाय साडेदहा मीटरचा कापा. आवरण असलेल्या तारेत लहर किंचित मंदावते, त्यामुळे शेवटची लांबी सूत्रापेक्षा दोन ते चार टक्के कमी निघते. पण आधीच कमी कापलेली तार वाढवत बसण्यापेक्षा जास्तीची तार टोकाशी मागे दुमडून ठेवणं सोयीचं. मध्यापासून पाच मीटरवर तार तोडा, तिथे प्लास्टिकच्या तुकड्यावर दोन्ही टोकं बांधा आणि मधे एक छोटा जोड द्या. मगर क्लिप किंवा बुलेट कनेक्टर चालतो. जोड उघडा ठेवला की २० मीटर बँड, जोडला की ४० मीटर बँड. आधी जोड उघडा ठेवून आतले पाय १४.२ वर आणा, मग जोडून बाहेरचे ७.१ वर. हा क्रम पाळा, कारण आतल्या तुकड्याची लांबी बदलली की ४० मीटरही हलतो, उलट होत नाही. ४० मीटरचा डायपोल २१ मेगाहर्ट्झच्या आसपासही चालतो. तिथे तो तीन अर्ध्या लहरींचा होतो, म्हणून १५ मीटर बँड बहुतेकदा थोड्या ट्यूनिंगवर फुकटात मिळतो.

केबल जिथे डायपोलला मिळते तिथे फेराइटच्या कड्यावरून केबलचेच दहा-बारा वेढे घ्या. केबलच्या बाहेरच्या जाळीवरून करंट खाली रिगपर्यंत उतरू नये म्हणून हा बंदोबस्त. दुकानात एक-एकचा बॅलन म्हणून जे मिळतं, ते बहुतेक हेच.

काठी उभी करताना टोकापर्यंत पूर्ण उघडू नका. शेवटचा सुतळीएवढा बारीक तुकडा केबलच्या वजनाने वाकतो. दोन-तृतीयांश उंचीवर तीन दोऱ्यांचा ताण द्या, आणि अँटेनाचे दोन पाय हाही ताणच आहे हे लक्षात घेऊन दोऱ्यांची दिशा ठरवा. दोन पायांमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नका, आणि टोकं माणसाच्या हाताला लागणार नाहीत एवढी वर राहू द्या. टोकांशी व्होल्टेज सर्वाधिक असतं हे वर आलंच आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावर खुंट्या ठोकायचा बेत करून जाऊ नका. काळ्या बसाल्टमध्ये खुंटी शिरत नाही. शिरली तरी ठोकायची नाही, कारण आपले बरेचसे गड पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तटाच्या चिरेबंदीत काही अडकवणं, बुरुजावर दोर गुंडाळणं, तोफेला तार बांधणं, यातलं काहीही करू नये. पठारावरचे सुटे धोंडे पुरतात. दोरीच्या टोकाला कापडी पिशवी बांधायची, तीत दगड भरायचे, निघताना दगड जिथल्या तिथे ठेवायचे.

एंड-फेड: एकच झाड असेल तेव्हा

ट्रेकर हॅमची सध्याची लाडकी अँटेना ही. तीच २० मीटर लांबीची तार, पण वीज मधून न देता टोकातून द्यायची. एक टोक झाडावर फेकायचं, दुसरं खाली रिगजवळ. केबल हवेत लोंबकळत नाही, काठी नसली तरी चालतं. शिवाय ७, १४, २१, २८ मेगाहर्ट्झ हे चारही बँड एकाच तारेवर मिळतात, कारण वरच्या बँडांवर तीच तार दोन, तीन, चार अर्ध्या लहरींची होते.

टोकाशी करंट कमी आणि व्होल्टेज जास्त, म्हणजे इम्पीडन्स प्रचंड: अडीच-तीन हजार ओहम. रिगला हवे ५०. म्हणून मधे ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर बसवतात. वेढ्यांचं प्रमाण एकास सात, सातचा वर्ग एकोणपन्नास. हा ट्रान्सफॉर्मर फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेला असतो आणि थोडी पॉवर उष्णतेत घालवतो. ५-१० वॅटला लहान कडं पुरतं. १०० वॅटच्या रिगला लहान कड्याचा ट्रान्सफॉर्मर लावून डिजिटल मोडवर सलग पाठवत राहिलात तर कडं तापून निकामी होतं. विकत घेताना डब्यावरचा वॅटचा आकडा एसएसबीसाठी, म्हणजे बोलण्याच्या मोडसाठी, आहे की सलग कॅरियरसाठी, हे विचारून घ्या. आणि २० वॅटलाही तारेच्या टोकाशी दोनशेच्या वर व्होल्ट असतात, तेव्हा मुलं जवळपास खेळत असतील तर लक्ष असू द्या.

"हिला काउंटरपॉइज (करंटच्या परतीसाठीची तार) लागत नाही" असं या अँटेनाबद्दल सर्रास सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका. करंटला परतीची वाट हवीच. तुम्ही दिली नाही तर तो केबलची जाळी वापरतो आणि थेट रिगपर्यंत येतो. मग माइक हातात धरला की आवाज फाटतो, मोर्सचा कीयर आपोआप टिकटिकतो, मीटरवरचा एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात ते दाखवणारा आकडा) केबलला हात लावल्यावर बदलतो. उपाय स्वस्त आहे: ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंडला दोन मीटर तार, आणि केबलच्या रिगकडच्या टोकाला फेराइटचा चोक, म्हणजे वर सांगितलेले कड्यावरचे वेढे.

दोरी झाडावर फेकायला अर्धी भरलेली पाण्याची छोटी बाटली उत्तम. दगड बांधून फेकू नका, तो सुटतो. फेकताना पलीकडे कुणी नाही ना, एवढं पाहा. मधमाश्यांची पोळी फांदीवर आहेत का, हे तर त्याआधी पाहा. आपल्याकडच्या जंगलात आणि कड्यांवर आग्या मोहळ असतं आणि ते उठलं तर पळायलाही जागा नसते.

वाटेल त्या लांबीची तार, ९:१ चा ट्रान्सफॉर्मर आणि ट्यूनर (अँटेना रिगशी जुळवून देणारी जोडणी) असाही एक प्रकार आहे. ट्यूनर असलेल्या रिगला तो सोयीचा पडतो. तार कुठल्याही वापरायच्या बँडवर अर्ध्या लहरीची होणार नाही एवढी काळजी घ्या.

व्हर्टिकल: कोकणात सोनं, कातळावर कथील

उभी अँटेना आडव्या कोनात फेकते, म्हणजे दूरच्यांसाठी. २० मीटरच्या पाव लहरीला ५ मीटरची तार काठीला उभी बांधली की झालं, जागाही कमी लागते. पण हे अर्धंच काम. अँटेनाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे जमीन, किंवा जमिनीवर पसरलेल्या तारा, ज्यांना रेडियल म्हणतात. त्या कमी टाकल्या तर करंट मातीतून वाट काढतो आणि माती तापवतो. चार रेडियल ही सुरुवात समजा. जमिनीवर पसरायच्या असतील तर मोजक्या लांब तारांपेक्षा तेवढ्याच तारेचे अनेक आखूड तुकडे जास्त कामाचे. जमिनीवरच्या तारांची लांबी काटेकोर मापायची गरज नसते. जमिनीपासून मीटरभर वर टांगल्या तर मात्र त्या मापातच हव्या, आणि मग दोन-चारही पुरतात. सड्यावर, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या उघड्या पठारावर, किंवा देशावरच्या कोरड्या कातळावर हा टांगायचा मार्ग घ्या, कारण तिथली जमीन काहीच मदत करत नाही.

आणि मग किनारा. खारं पाणी कोरड्या खडकापेक्षा हजारो पट चांगलं वाहक आहे. भरतीच्या रेषेजवळ उभ्या केलेल्या व्हर्टिकलची लहर पाण्यावरून अगदी कमी कोनात सरकते, जिथे खडकाळ जमिनीवरची अँटेना जवळपास काहीच पाठवत नाही. गुहागर, वेंगुर्ला, मालवण, गोव्यातले किनारे: पश्चिमेला मोकळा समुद्र आणि पलीकडे आखात, आफ्रिका. १० वॅटवर परदेशी बोलायची हौस असलेल्या माणसाने डोंगर चढायच्या आधी एकदा इथे येऊन बघावं. फरक खरोखर थक्क करणारा आहे. भरतीची वेळ मात्र आधी बघून घ्या आणि घरी गेल्यावर कनेक्टर गोड्या पाण्याने धुवून वाळवा, नाहीतर महिन्याभरात हिरवे पडतात.

घडीची दांडी आणि एसडब्ल्यूआरचा चकवा

आता ती पिशवीत मावणारी दांडी. टेलिस्कोपिक, अडीच मीटरपर्यंत उघडणारी, बुडाशी कॉइल, सगळे बँड. दिसायला सुरेख, लावायला दोन मिनिटं. ४० मीटरवर ती किती चालते याचा हिशेब करू. एवढ्या आखूड दांडीचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे लहर बनवण्याच्या कामी येणारा रोध, जेमतेम दीड ओहम येतो. कॉइलमधला आणि जमिनीतला तोटा मिळून २५ ओहम धरला तरी तो उदार अंदाज आहे. म्हणजे दिलेल्या पॉवरपैकी सुमारे ५ टक्के लहर बनून बाहेर पडते. २० वॅट दिले, एक वॅट गेला, १९ वॅटनी कॉइल आणि जमीन गरम केली. १३ डेसिबल, म्हणजे रिसीव्हरच्या सिग्नल मीटरवरच्या दोन एस-युनिटांहून जास्त तोटा. वर ती उभी आहे, म्हणजे सरळ वर, जिकडून नाशिक-कोल्हापूर मिळणार होतं, तिकडे ती काहीच पाठवत नाही.

तीच दांडी २८ मेगाहर्ट्झवर लावा. तिथे पाव लहर अडीच मीटरची! कॉइल नको, तोटा नाही, चार रेडियल टाकले की ती पूर्ण मापाची अँटेना आहे. सध्याचं सौरचक्र २०२४ च्या सुमाराला शिगेला पोचलं आणि त्या काळात १० मीटर बँडने काही वॅटवर जग दाखवलं. आखूड दांडी वाईट नसते, ती कुठल्या बँडवर आखूड आहे एवढाच प्रश्न असतो.

इथेच एसडब्ल्यूआरचा विषय येतो, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. पाव लहरीची व्हर्टिकल आदर्श जमिनीवर ३६ ओहम दाखवते. म्हणजे ५० ओहमच्या केबलला एसडब्ल्यूआर १.४. आता रेडियल कमी करा. जमिनीतला तोटा १४ ओहम झाला की बेरीज बरोबर ५० आणि मीटर दाखवतो १:१. सुई आनंदात, पण पॉवरचा चौथा हिस्सा मातीत. उलट, रेडियल वाढवल्यावर एसडब्ल्यूआर थोडा बिघडला तर अँटेना सुधारलेली असते. डमी लोडचाही (चाचणीसाठी अँटेनाऐवजी लावायच्या रोधाचाही) एसडब्ल्यूआर १:१ असतो आणि तो मुद्दामच काही बाहेर पाठवत नाही. एसडब्ल्यूआर एवढंच सांगतो की रिगने दिलेली पॉवर केबलच्या पलीकडे स्वीकारली गेली. पुढे तिचं काय झालं ते त्याला ठाऊक नसतं. २:१ असला तर साधारण ११ टक्के पॉवर परतते, आणि छोट्या केबलवर त्याने समोरच्याच्या कानाला फरकही कळत नाही. आखूड अँटेना ४० मीटरच्या अख्ख्या बँडभर सपाट १.२ दाखवत असेल तर ती चांगली बातमी नाही. एवढ्या आखूड गोष्टीचा मेळ एका अरुंद पट्ट्यातच बसायला हवा. रुंद बसतोय तो तोट्यामुळे.

मॅग्नेटिक लूपमध्ये हे लख्ख दिसतं. मीटरभर व्यासाचं तांब्याचं किंवा जाड केबलचं कडं आणि वर कपॅसिटर. तोटा फार कमी राखल्याने ती ४० मीटरवर दहा-पंधरा किलोहर्ट्झच्या पट्ट्यातच चालते, वारंवारता जरा बदलली की पुन्हा जुळवावी लागते. १० वॅटलाही कपॅसिटरवर हजार व्होल्टच्या घरात व्होल्टेज चढतं. मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटच्या गॅलरीत, जिथे तार टाकायला सोसायटीची परवानगी मिळत नाही, तिथे ती मोलाची आहे. डोंगरावर मोकळी जागा असताना ती नेण्यात मला अर्थ दिसत नाही.

हातातल्या सेटचं काय?

दोन मीटर बँडवर खेळ उंचीचा. कळसूबाई १६४६ मीटर; तिथून समुद्रसपाटीपर्यंतचं रेडिओ क्षितिज सुमारे १६५ किलोमीटर येतं. शिखरावर असाल तर अँटेना साधी असली तरी भागतं. दरीत असाल तर अँटेनाने फारसं साधत नाही, पन्नास मीटर वर चढण्याने साधतं.

सेटबरोबर येणारी बोटभर रबरी अँटेना बदलून पाव लहरीची लवचीक दांडी लावली की पहिली सुधारणा होते. दुसरी जवळजवळ फुकट आहे: ४९ सेंटिमीटर तार अँटेनाच्या कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला जोडून खाली सोडा. सेटच्या छोट्या अंगाला जो दुसरा अर्धा भाग जमत नव्हता तो तिने मिळतो. मुक्कामाला असाल तर जुन्या टीव्ही अँटेनाच्या ३०० ओहमच्या चपट्या वायरीची जे-पोल बनवा. दीड मीटरच्या आतबाहेर लांबी, गुंडाळून खिशात, झाडाला टांगली की काम चालू. रिपीटरसाठी, म्हणजे उंचावरून सिग्नल पुढे पाठवणाऱ्या स्टेशनसाठी, ती उभीच टांगायची. आडवी केली तर सिग्नल जवळपास २० डेसिबलपर्यंत पडू शकतो. या बँडवर केबल आखूड ठेवा. बारीक आरजी-१७४ हलकी म्हणून नेतात, पण १४५ मेगाहर्ट्झवर दहा मीटरमध्ये ती जवळपास निम्मी पॉवर खाते.

उपग्रह किंवा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ऐकायचं असेल तर पीव्हीसी पाइपावर स्टीलच्या मेजरटेपचे तुकडे लावून केलेली तीन काड्यांची यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना, घ्या. टेप दुमडते, सॅकला बांधता येते, झुडपात अडकली तरी मोडत नाही. स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर अधूनमधून चित्रं पाठवतं, ती पकडायला ही भरपूर आहे.

सिंहगडासारख्या ठिकाणी, जिथे टीव्हीचा मनोरा उभा आहे, स्वस्त हँडसेट बहिरे होतात. शेजारच्या प्रचंड सिग्नलने रिसीव्हरचा पुढचा भाग दबून जातो. तिथे मोठी अँटेना लावली तर आणखी बिघडतं. मनोऱ्यापासून दूरच्या टोकाला जा, डोंगराचा उंचवटा मधे येईल असं बसा.

जिवाची काळजी

गावाजवळ ११ केव्हीच्या तारा झाडांमधून जातात आणि पानांआड दिसत नाहीत. काठी आणि तार कुठल्याही बाजूला पडली तरी लाइनपासून लांबच राहील, एवढं अंतर नसेल तर तिथे अँटेना उभी करू नका. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर माथ्यावर अँटेना नकोच. गडगडाट ऐकू आला की गप्पा अर्ध्यावर सोडून केबल रिगपासून काढा, काठी खाली घ्या आणि माथा सोडा. परवान्याची प्रत जवळ ठेवा आणि घराबाहेरून स्टेशन चालवण्याबद्दल तुमच्या परवान्यात कोणत्या अटी आहेत त्या आधी वाचा. काठी, तारा आणि डबा घेऊन बसलेला माणूस पाहून चौकीदार विचारपूस करणारच. त्याला नीट समजावून सांगितलं तर पुढच्या वेळी तोच झाड दाखवतो.

पहिल्यांदा थेट गडावर न जाता मोकळ्या मैदानात सगळं उभं करून बघा. नॅनोव्हीएनए नावाचं तळहाताएवढं मोजमापाचं यंत्र मिळतं, ते मित्राकडून मागून आणलं तरी चालेल. तारेवर जोडाची जागा आणि शेवटची घडी रंगाने खूण करून ठेवा, म्हणजे वाऱ्यात उभं राहून मोजत बसावं लागणार नाही. तार आठच्या आकड्यात गुंडाळली की सोडताना पीळ पडत नाही.

दोन अँटेनांमध्ये कुठली चांगली, हे ऐकीव माहितीवर ठरवू नका. डब्ल्यूएसपीआर या मोडवर तुमचा काही वॅटचा सिग्नल कुठे, किती डेसिबलने पोचला याची नोंद जगभरची स्टेशनं आपोआप नेटवर टाकतात. एका अँटेनावर दहा मिनिटं, दुसरीवर दहा मिनिटं, असं तासभर अदलाबदल करा. मग एकाच रिसीव्हरने दिलेले दोन्ही आकडे शेजारी ठेवा. दोन-तीन डेसिबलचा फरक सोडून द्या, तो आयनोस्फिअरच्या चढउतारात येतोच. सहा किंवा त्याहून जास्त, तोही वेगवेगळ्या रिसीव्हरवर एकाच दिशेने दिसला, तर तो अँटेनाचा. जवळच्या आणि दूरच्या स्टेशनांचे आकडे वेगळे काढा. बहुतेक वेळा एका अँटेनाने जवळची बाजी मारलेली असते आणि दुसरीने लांबची.